पहिलं अ‍ॅनिमेशन लाकडी नंदीचं करा: ८ सेकंद, ९६ चित्रं

अ‍ॅनिमेशन शिकायला बसलेला माणूस बहुतेक वेळा सगळ्यात अवघड गोष्टीला आधी हात घालतो. मी नागपूरची मारबतीची, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक काढायला घेतली होती. इतवारीतली ती गर्दी, काळी आणि पिवळी मारबत, मागून येणारे बडगे (टीका करणारे पुतळे), 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' ही आरोळी, सगळं एकाच दृश्यात हवं होतं. तीन महिने रोज बसलो आणि दोन सेकंदही पूर्ण झाले नाहीत.

मग त्याच सणाच्या संध्याकाळी आमच्या गल्लीत तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा लाकडी नंद्यांचा पोळा, भरला. एक चार-पाच वर्षांचा पोरगा दोरीने नंदी ओढत घरोघरी बोजारा (पोरांना मिळणारे पैसे किंवा खाऊ) मागायला निघाला होता. मधेच तो थांबला. नंदी थांबला नाही. तो मागून येऊन त्याच्या टाचेवर आदळला आणि पोराने वळून त्याच्याकडे असं पाहिलं, जणू नंदीनेच खोडी काढली. मला माझं पहिलं अ‍ॅनिमेशन तिथे मिळालं. तुम्हीही तेच करा असं मी सांगेन, कारण खऱ्या बैलाची चाल चार पायांची असते आणि ती भल्याभल्यांना छळते. लाकडी नंदीला चाकं असतात. चाकाचा हिशेब शाळेच्या गणितात बसतो.

आधी हिशेब, मग चित्र

सिनेमात एका सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे पडद्यावरच्या २४ चौकटी, असतात. हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये एकच चित्र दोन फ्रेम धरून ठेवण्याची जुनी पद्धत आहे, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. डोळ्याला तेवढी पुरतात. आपलं दृश्य ८ सेकंदांचं, म्हणून ९६ चित्रं. आकडा पाहून दचकू नका, यातली बरीचशी पुन्हा पुन्हा वापरायची आहेत.

कॅनव्हास १२८० बाय ७२० पिक्सेलचा घ्या. यापेक्षा मोठा घेतला तर जुना लॅपटॉप रखडतो, आणि एप्रिल-मेच्या नागपुरात तर तो तापूनच बंद पडतो. पोरगा ३२० पिक्सेल उंच, नंदी ४०० पिक्सेल लांब आणि चाकाचा व्यास ८० पिक्सेल ठेवा.

आता ही गोष्ट नीट समजून घ्या, सगळा जीव इथे आहे. ८० पिक्सेल व्यासाच्या चाकाचा परीघ साधारण २५१ पिक्सेल होतो. चाक एकदा पूर्ण फिरलं की नंदी २५१ पिक्सेल पुढे गेला पाहिजे. एक फेरी १२ चित्रांत घेतली, तर प्रत्येक चित्रात चाक ३० अंश फिरेल आणि नंदी २१ पिक्सेल सरकेल. तुम्ही ३० पिक्सेल सरकवलं तर चाक घसरल्यासारखं दिसेल. १० सरकवलं तर चिखलात रुतल्यासारखं दिसेल. बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण काहीतरी खोटं आहे हे त्याला लगेच कळेल.

साधनं

लॅपटॉपवर क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर वापरा. ते मोफत आहे आणि त्यात अ‍ॅनिमेशनची सोय आहे. फोनच असेल तर फ्लिपाक्लिप हे अ‍ॅप चालेल. पेन टॅबलेट असला तर बरं, नसला तर कागदावर काढून वरून फोटो घ्या, फक्त फोन पुस्तकांच्या चवडीवर पक्का बसवा. एकेक चित्र टिपून हालचाल उभी करायची ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली वाटाण्याचं रोप रोज थोडं थोडं टिपून ते पडद्यावर बघता बघता वाढताना दाखवलं होतं.

नंदी

नंदी बाजूने काढा. प्रत्येक हलणाऱ्या भागाला वेगळा लेयर (पारदर्शक कागदासारखा थर) द्या: धड आणि खालची फळी, पुढचं चाक, मागचं चाक, गळ्यातला गोंडा, दोरी, पोरगा, आणि सगळ्यात मागे गल्ली. चाकावर कडेला एक पिवळं फूल किंवा ठिपका रंगवा. चाक नुसतं गोल आणि एकरंगी असेल तर ते फिरतंय हे दिसणारच नाही.

चाकाची १२ चित्रं करताना एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. पहिलं चाक ३० अंश फिरवतो, मग ते फिरवलेलं पुन्हा ३० अंश, असं करत जातो. प्रत्येक वेळी कडा थोड्या पुसट होतात आणि बाराव्या चाकापर्यंत फुलाचा डाग होतो. दर वेळी मूळ चाकाची नवी प्रत घ्या आणि ती ३०, ६०, ९० अशी फिरवा.

धड लाकडाचं आहे, म्हणून ते दबणार नाही आणि ताणलंही जाणार नाही. जिवंतपणा गोंड्यातून आणायचा. धड पुढे निघालं की गोंडा दोन चित्रं उशिरा निघतो, आणि धड थांबलं की तो पुढे जाऊन परत येतो, दोन-तीन वेळा, दर वेळी थोडा कमी. एवढ्यानेच लाकूड जड वाटायला लागतं. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी तेच अर्धा तास फिरवून फिरवून पाहत बसलो होतो.

पोरगा

एक पाऊल ६ चित्रांत, दोन पावलांचं चक्र १२ चित्रांत. म्हणजे चाकाची एक फेरी आणि पोराची दोन पावलं एकाच वेळेला पूर्ण होतात. पहिल्या चित्रात टाच टेकते आणि पाय सगळ्यात फाकलेले असतात. दुसऱ्यात अंगाचा भार येतो, गुडघा वाकतो, डोकं सगळ्यात खाली जातं. चौथ्यात मागचा पाय टेकलेल्या पायाशेजारून पुढे येतो. पाचव्यात चवडा उचलतो आणि डोकं सगळ्यात वर असतं. सातव्या चित्रापासून हेच दुसऱ्या पायाने. डोक्याची वर-खाली हालचाल ८ ते १० पिक्सेल पुरे.

दोरी धरलेला हात मागे ताणलेलाच राहतो, तो झुलत नाही. फक्त मोकळा हात झुलवा आणि अंग किंचित पुढे झुकवा. आणि टेकलेला पाय जमिनीवर एकाच जागी राहतोय ना, हे प्रत्येक चित्रात तपासा. त्यासाठी क्रिटाच्या टाइमलाइनवर लेयरजवळचा दिवा लावा, म्हणजे मागचं आणि पुढचं चित्र फिकट दिसतं. याला अनियन स्किन म्हणतात.

हे चक्र चार वेळा वापरलं की ४८ चित्रं झाली. ४८ गुणिले २१ म्हणजे १००८ पिक्सेल. डाव्या कडेबाहेरून निघालेला पोरगा बरोबर ४ सेकंदांत मधोमध ओलांडून उभा राहतो आणि मागे नंदीही पूर्ण दिसतो.

टाचेवरची टक्कर

४९व्या चित्रात पोरगा थांबतो. नंदी त्याच्या मागे १८० पिक्सेलवर आहे. पुढची ७ चित्रं नंदी २१ पिक्सेलनेच येऊ द्या, मग १६, ११ आणि ६. बेरीज १८०. चाकही त्याच प्रमाणात मंदावलं पाहिजे: ३० अंशांऐवजी २३, १६, ९. या वेळात दोरीची ताणलेली सरळ रेघ हळूहळू खाली झोळ धरते. ही दोरी घाईत काढू नका. पोरगा थांबलाय आणि नंदी थांबलेला नाही, हे बघणाऱ्याला दोरीवरून आधी कळतं.

टक्कर झाली की नंदी ४ पिक्सेल मागे हटतो, गोंडा पुढे उडतो, पोराचा गुडघा किंचित पुढे जातो. मग ६ चित्रं काहीच हलवू नका, गोंडा सोडून. त्यानंतर पोरगा वळतो: आधी डोळे, दोन चित्रांनी मान, आणखी दोन चित्रांनी खांदे. सगळं एकदम वळवलं तर तो खांबासारखा दिसेल. उरलेली चित्रं त्याच्या बघण्याला द्या, मधे एकदा पापणी मिटा.

आवाज आणि फाइल

नंदीच्या चाकांची खडखड फोनवर खरीच रेकॉर्ड करा, सिमेंटच्या रस्त्यावर ओढून. तान्ह्या पोळ्याला पोरांनी म्हटलेली 'एक नमन गौरा पार्वती' ही झडती (पोळ्याला म्हणायचं गाणं) दूर कुठेतरी ऐकू आली तर गल्ली आपोआप भरते. टकरीचा ठक आवाज बरोबर टकरीच्याच चित्रावर बसवा.

रोज काम संपवताना फाइल नव्या नावाने जतन करा: नंदी-०१, नंदी-०२. उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, आणि माझी एक अख्खी चाल तशीच गेली आहे.

व्हिडिओ तयार झाला की आधी आवाज बंद करून एखाद्या लहान मुलाला दाखवा, काहीही न सांगता. टकरीला तो हसला तर झालं. नाही हसला तर टकरीनंतरची स्तब्ध ६ चित्रं ८ करा आणि पुन्हा दाखवा.