सुवार्ता सांगताना या चुका टाळा

दिवाळीत शेजारच्या काकूंकडून आलेले फराळाचे ताट रिकामे कसे परत करायचे, म्हणून आम्ही त्यात केक ठेवला आणि केकखाली सुवार्तेची, म्हणजे येशूविषयीच्या आनंदाच्या बातमीची, एक पत्रिका सरकवली. दुसऱ्या दिवशी काकूंनी ती नीट घडी घालून परत आणून दिली. "तुमचा कागद चुकून आमच्याकडे आला," एवढेच त्या म्हणाल्या. पुढे कित्येक महिने जिन्यात गाठ पडली की नर्मदेचे पाणी किती वाजता येणार, यापलीकडे बोलणे गेले नाही.

विचारण्याआधीच उत्तर देणे ही इंदूरच्या आम्हा मराठी ख्रिस्ती कुटुंबांची नेहमीची चूक आहे. सर्व राष्ट्रांकडे जाण्याची आज्ञा (मत्तय 28:19) आम्हाला तोंडपाठ असते, पण आपल्या आशेविषयी विचारपूस करणाऱ्याला सौम्यतेने उत्तर द्या, हे येशूचा शिष्य पेत्र याचे सांगणे (1 पेत्र 3:15) सोयीने मागे पडते. विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी (शोमरोन प्रांतातल्या) स्त्रीशी बोलताना येशूने आरंभ उपदेशाने केला नाही. त्याने तिच्याकडे प्यायला पाणी मागितले.

दुसरी चूक शब्दांची आहे आणि ती आपल्या लक्षातही येत नाही. "तारण", म्हणजे पापातून सुटका, हा शब्द आपल्याला पवित्र वाटतो, परंतु सराफ्यात दागिने गहाण ठेवून आलेल्या माणसाला तो सोने-तारण कर्जाची आठवण करून देतो. विश्वासाने होणाऱ्या आंतरिक बदलाला आपण म्हणतो तो "नवा जन्म" तर त्याहून घातक, कारण जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका व्हावी म्हणून आयुष्यभर हरिपाठ म्हणणाऱ्या आजींना आपण आणखी एक जन्म आनंदाची बातमी म्हणून सांगत असतो. त्यात आमच्या मंडळीची (चर्चची) उपासना हिंदीत होत असल्यामुळे मराठी वाक्यात मध्येच "सुसमाचार" आणि "उद्धार" येतात, मग ऐकणाऱ्याला हे सारे कुठूनतरी परक्या ठिकाणाहून आल्यासारखे वाटते. मराठी कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि ओवी सोडली नाही. म्हणून "तारण" म्हणण्याऐवजी देवाने आपल्याला कशातून सोडवले, हे घरच्या भाषेत सांगावे. जमत नसेल, तर आपल्यालाच ते अजून नीट कळलेले नाही असे समजावे.

दुसऱ्याच्या देवघराविषयी वाईट बोलू नये, हे वेगळे सांगायला नको.

मदत आणि संदेश यांची गाठ मारणे ही मात्र गंभीर चूक आहे. राज्यघटनेचे पंचविसावे कलम धर्माच्या प्रसाराची मुभा देते, तथापि या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातीलच एका प्रकरणात 1977 मध्ये स्पष्ट केले. आणि राज्याच्या 2021 च्या कायद्यात धर्मांतरासाठी भेटवस्तूचे किंवा पैशाचे प्रलोभन दाखवणे हा गुन्हा आहे. कायदा नसता तरीही आजारी शेजाऱ्याला दिलेल्या डब्याबरोबर पत्रिका देणे अयोग्यच ठरले असते, कारण त्या डब्याची किंमत आपण नकळत सांगून टाकतो.

संबंध बिघडलेच असतील, तर सारवासारव न करता घरी जाऊन "आमचे चुकले" असे म्हणावे आणि त्या भेटीत येशूचे नाव काढू नये. ताटांची देवाणघेवाण चालू ठेवावी. नाताळच्या करंज्या पाठवाव्यात, पण करंज्यांखाली कागद ठेवायचाच झाला, तर तो तेल टिपण्यापुरता कोरा असावा.