लॉगिन होतंय, पण फाईल जाईना

खानापुरात माझं डीटीपीचं दुकान. ऐन लगीनसराईत बेळगावच्या छापखान्याच्या सर्व्हरवर पत्रिका जाईनात. लॉगिन व्हायचं, फाईलींची यादी मागितली की ५२२ नंबरची एरर. आधी लाइनीला शिव्या घातल्या, राउटर दोनदा बंद-चालू केला. फाइलझिला या फाईल पाठवायच्या दुसऱ्या प्रोग्रॅममधून मात्र तीच पत्रिका, मराठी-कन्नड दोन्ही पानं, झटकन गेली! मग ५२२च्या पुढची ओळ वाचली: सेशन रियूज हवं, म्हणजे आधीचंच सेशन पुन्हा वापरायला हवं. छापखान्याच्या सर्व्हरवरचा फाईली घेणारा प्रोग्रॅम, व्हीएसएफटीपीडी, यादी नि फाईलींच्या वेगळ्या जोडणीलाही लॉगिनचंच टीएलएस (सुरक्षित जोडणीचं) सेशन मागतो. फाईल पाठवायच्या माझ्या जुन्या प्रोग्रॅमला ते जमत नव्हतं. छापखान्यातल्या पोराला म्हटलं, "सर्व्हरच्या सेटिंगच्या फाईलीत, कॉन्फमध्ये, रिक्वायर_एसएसएल_रियूज नो कर, म्हणजे ही अट जाईल, नि सर्व्हिस रिस्टार्ट मार."

"काका, त्यानं सुरक्षा ढिली होते की."

खरंच होतं त्याचं. मीच जुना प्रोग्रॅम काढून टाकला.