स्क्रीन रीडरला वाचता येईल असं गणित वेबपानावर कसं द्यावं

समीकरणाचा स्क्रीनशॉट पानावर चिकटवला, की स्क्रीन रीडर (अंध व्यक्तींना पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) 'ग्राफिक' एवढंच म्हणून पुढे सरकतो. गणित मजकुरात हवं. पण साधा मजकूरही दगा देतो. सुपरस्क्रिप्ट टॅगने (अंक वर उचलून दाखवणाऱ्या एचटीएमएल खुणेने) लिहिलेला 'क्ष वर्ग' एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मूळ सेटिंगमध्ये 'क्ष 2' असा वाचतो. वर्ग की गुणिले 2, हे कळायला मार्ग नाही. '9 - 4' मधला हायफन तर गिळलाच जातो. मजकुरात वजाबाकी लिहायचीच असेल, तर खरं वजाचिन्ह (युनिकोड 2212) वापरा.

पक्का उपाय मॅथएमएल, म्हणजे वेबपानात गणिताची रचना सांगणारी खुणांची भाषा. ते हाताने लिहायची गरज नाही: समीकरण लाटेकमध्ये (गणित आज्ञांनी लिहायच्या पद्धतीत) लिहा, पानाला मॅथजॅक्स ही समीकरणं दाखवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी जोडा आणि तिच्यातली असिस्टिव्ह मॅथएमएलची सेटिंग चालू आहे ना ते बघा, म्हणजे दिसणाऱ्या समीकरणामागे मॅथएमएल आपोआप तयार होतं. अपूर्णांक तिरप्या रेघेने न लिहिता लाटेकच्या फ्रॅक (\frac) आज्ञेनेच लिहा, म्हणजे अंश कुठे संपला आणि छेद कुठे सुरू झाला हे ऐकू येतं.

मराठी पानांची एक खास अडचण: लाटेकमध्ये थेट 'क्ष' टाकला तर मॅथजॅक्स एकेक चिन्ह सुटं धरतं आणि क, हलन्त, ष असे तुकडे पडतात. देवनागरी अक्षरं टेक्स्ट (\text) आज्ञेच्या कंसात घाला.

वर्डमध्ये ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह एकत्र दाबून समीकरण घाला. पीडीएफ केली की ही रचना बहुधा हरवते, म्हणून मूळ फाइलही द्या.

चित्राशिवाय गत्यंतर नसेल, तर पर्यायी मजकुरात (चित्राऐवजी स्क्रीन रीडर वाचतो त्या वर्णनात) प्रत्येक भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते सांगा: 'अंश: वजा ब अधिक किंवा वजा वर्गमूळात ब वर्ग वजा 4 अ क, वर्गमूळ संपलं, अंश संपला; छेद: 2 अ'. 'वर्गसमीकरणाचं सूत्र' एवढंच लिहिणं म्हणजे नुसतं नाव सांगणं. आलेखासाठी अक्ष, छेदबिंदू आणि बिंदूंचा तक्ता द्या. परीक्षेतला प्रश्न असेल तर वर्णनात उत्तर फुटणार नाही एवढं बघा.

शेवटी तपासणी. मोफत मिळणारा एनव्हीडीए आणि त्याला गणित वाचायला लावणारं मॅथकॅट घ्या, क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये पान उघडा, मॉनिटर बंद करा. समीकरणावर एनव्हीडीए की (सहसा इन्सर्ट), ऑल्ट आणि एम एकत्र दाबा. खालच्या बाणाने आतल्या पदात शिरता येतं, वरच्या बाणाने बाहेर, एस्केपने सुटका. छेदात शिरता आलं नाही, तर ते समीकरण अजून चित्रच आहे किंवा मॅथएमएल कुणीतरी एरिया-हिडनने (aria-hidden, स्क्रीन रीडरपासून मजकूर लपवणारी खूण) झाकलंय.