वडिलोपार्जित सड्यावर चिरेखाण: जुन्या नोंदी काढताना या चुका टाळा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट पठारावरच्या, कातळाला पूर्वी फारसं कोणी विचारत नसे. आता तिथे चिरेखाणी (बांधकामाचा जांभा दगड, म्हणजे चिरा, काढायच्या खाणी) चालतात, आणि खाणवाला संमतीपत्रावर सही मागायला आला की मुंबईतले वारस आजोबांचे कागद शोधू लागतात.

'दगड आपला' ही पहिली चूक. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 48 नुसार खनिजाचा हक्क शासनाचा. चिऱ्याची रॉयल्टी शासनाला जाते. विनापरवाना उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. आपली असते ती जमीन. खासगी जमिनीत खाण काढायला खातेदारांची संमती लागते, म्हणून सातबारावर कोणाचं नाव आहे याला एवढं महत्त्व.

सर्वांत जास्त घोळ होतो तो आजचा उतारा पाहून थांबल्यामुळे. नावाशेजारी फेरफाराचा, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीचा, नंबर असतो. तो फेरफार काढा, त्यातून आधीचा, असं आजोबा-पणजोबांपर्यंत मागे जा. काही जुन्या नोंदी 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर मिळतात, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. हस्तलिखित सातबारावर कंस केलेलं नाव म्हणजे कमी केलेलं नाव. ते कोणत्या फेरफाराने कमी झालं हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. 'ए.कु.मॅ.' दिसलं तर थोरल्या काकांचं नाव फक्त एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेलं असू शकतं, बाकीच्या भावांचा हिस्सा त्याने संपत नाही. आत्यांची नावं तर कित्येकदा सातबाराच्या 'इतर हक्क' या रकान्यात टाकलेली असतात. त्या वारस आहेत. त्यांना वगळून केलेली संमती उद्या वादात सापडते, आणि ते मुळात अन्यायाचंही आहे.

पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य धरलेलं क्षेत्र, सोडून देऊ नका. लोक लागवडीचं क्षेत्र मोजतात, पण चिरा निघतो तो कातळ बहुधा पोटखराब्यातच असतो. मात्र त्यातलं 'ब' क्षेत्र रस्ते-नाल्यांसारख्या सार्वजनिक कामांचं असतं, ते वेगळं काढा.

'इतर हक्क'मध्ये कुळाची नोंद असेल तर सही थांबवा. 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनी (कूळ कायद्याने कसणारी कुळं मालक मानली गेली तो दिवस) जमीन कुळाची झाली का, त्या कायद्याच्या कलम 32म चं खरेदीचं प्रमाणपत्र निघालं का, हे आधी तपासा.

नव्या फेरफाराची नोटीस आली तर हरकतीला 15 दिवस असतात. नोंद मंजूर झाली असेल तर प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) 60 दिवसांत अपील करा. मुदत गेली असल्यास विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा.