डिस्ट्रिब्युटेड वेब सर्व्हिस शिकायच्यात? दोनच बनवा आणि मधलं कनेक्शन तोडून बघा

बिझनेस सॉफ्टवेअरसाठी डिस्ट्रिब्युटेड वेब सर्व्हिसेस (वेगवेगळे चालणारे आणि नेटवर्कवरून एकमेकांशी बोलणारे प्रोग्रॅम) शिकायला बसलं की बरेच जण थेट कुबरनेटीस, काफ्का, सर्व्हिस मेश असलं मोठ्या सिस्टमसाठीचं काहीतरी उघडून बसतात आणि दोन महिने इन्स्टॉल करण्यातच जातात. ते सगळं आत्ता बाजूला ठेवा. आपल्या लॅपटॉपवर दोन छोट्या सर्व्हिस लिहा, एक ऑर्डरची, एक बिलाची, आणि ऑर्डरवालीने एचटीटीपीवरून बिलवालीला सांगायचं की या ऑर्डरचं बिल बनव, बस एवढंच. भाषा जी येते ती, जावा, गो, पायथन, सीशार्प काहीही चालेल, डेटाबेस पोस्टग्रेस घ्या. फक्त दोघींचा डेटाबेस वेगळा हवा हे कटाक्षाने पाळा, कारण दोन्ही सर्व्हिस एकाच टेबलात हात घालायला लागल्या की इकडे कोणी कॉलमचं नाव बदललं की तिकडे दुसरी बंद पडते, मग वेगळ्या केल्याचा उपयोग काय.

पहिल्या दिवशी सगळं मस्त चालतं, त्यातून शिकायला काही मिळत नाही. आता बिल सर्व्हिसमध्ये बिल सेव्ह झाल्यावर पण उत्तर पाठवायच्या आधी मुद्दाम ५ सेकंदांचा स्लीप टाका, म्हणजे तेवढा वेळ ती थांबेल, आणि ऑर्डर सर्व्हिसकडून कॉल करताना टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची मर्यादा, २ सेकंदांचा ठेवा. (टाइमआउट हाताने द्यायचाच, पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी किंवा गोचा डिफॉल्ट एचटीटीपी क्लायंट स्वतःहून टाइमआउट लावत नाही, कॉल लटकून राहतो.) चालवून बघा. ऑर्डर सर्व्हिसला एरर आला, तिच्या दृष्टीने बिल झालंच नाही, पण बिलाच्या टेबलात रो बसलेली आहे! साधं फंक्शन कॉल केलं की जमलं किंवा फसलं, दोनच उत्तरं असतात. नेटवर्कवरून कॉल केला की तिसरं उत्तर येतं, "माहीत नाही". सन मायक्रोसिस्टम्समध्ये पीटर डॉइच यांनी १९९४ च्या सुमारास या क्षेत्रातल्या चुकीच्या समजुतींची जी यादी केली तिच्यात पहिलीच समजूत ही आहे की नेटवर्क भरवशाचं असतं. ते वाचून कोणाला पटत नाही, ती रो बघितली की पटतं.

मला हे महागात पडून कळलं. एका जुन्या प्रोजेक्टमध्ये आम्ही टाइमआउट आला की तीनदा परत पाठव असं लिहिलं होतं, टेस्टिंगमध्ये काही दिसलं नाही, महिनाअखेरीला लोड वाढून बिल सर्व्हिस स्लो झाली आणि काही ग्राहकांना एकाच ऑर्डरची दोन-दोन तीन-तीन बिलं गेली. अकाउंट्सवाल्यांबरोबर बसून एकेक बिल शोधून काढावं लागलं. तेव्हापासून नवीन कोणी शिकायला आलं की मी पहिल्यांदा इथेच बसवतो.

यावरचा उपाय म्हणजे आयडेम्पोटन्सी, तीच रिक्वेस्ट दहा वेळा आली तरी परिणाम एकदाच. एचटीटीपीतल्या रिक्वेस्टच्या प्रकारांपैकी गेट, पुट आणि डिलीट यांच्याकडून हे अपेक्षितच असतं, पोस्टकडून नाही, आणि बिल बनवायला आपण वापरतो पोस्टच. म्हणून ऑर्डर सर्व्हिसने प्रत्येक बिलाच्या मागणीसाठी एक यूयूआयडी (दुसऱ्या कशाशी जुळणार नाही असा लांबलचक आयडी) बनवायचा आणि तो हेडरमधून, म्हणजे रिक्वेस्टसोबत जाणाऱ्या जादा माहितीतून, पाठवायचा. या आयडीला पुढे "की" (key) म्हणतो. इथे लोक एक चूक हमखास करतात: ही की रिट्रायच्या (परत पाठवायच्या) लूपच्या आत बनवतात, मग प्रत्येक प्रयत्नाला नवीन की जाते आणि सगळं मुसळ केरात. की पहिल्या प्रयत्नाच्या आधी बनवा आणि ऑर्डरसोबत डेटाबेसमध्ये सेव्ह करा, म्हणजे सर्व्हिस मध्येच रिस्टार्ट झाली तरी तीच की मिळेल. बिल सर्व्हिसच्या बाजूला त्या कीचं एक टेबल, कॉलमवर युनिक कन्स्ट्रेंट (तीच किंमत दुसऱ्यांदा बसू न देणारा डेटाबेसचा नियम), आणि की व बिल दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही) लिहायचे. आधी सिलेक्ट करून "आहे का" बघायचं आणि मग इन्सर्ट, असं करू नका, दोन रिक्वेस्ट एकदम आल्या तर दोघींनाही "नाही" असंच दिसेल. इन्सर्टच करा आणि युनिक कन्स्ट्रेंटला अडवू द्या. की जुनी निघाली तर पहिलं बिल जसंच्या तसं परत द्या. की तीच पण रक्कम वेगळी असेल तर सरळ एरर, तिथे गप्प बसायचं नाही.

हे झालं की मगच रिट्राय लिहा. उत्तरात ५०३ (सर्व्हिस सध्या उपलब्ध नाही) किंवा ४२९ (फार रिक्वेस्ट येतायत) हा कोड आला किंवा टाइमआउट झाला तर परत पाठवा, ४०० आलं तर डेटाच चुकलाय, शंभरदा पाठवून तेच येणार. मधलं अंतर १, २, ४ सेकंद असं वाढवत न्या आणि त्यात थोडं रँडम मिसळा, नाहीतर सगळे क्लायंट एकाच क्षणी परत येऊन नुकत्याच उठलेल्या सर्व्हिसला पुन्हा झोपवतात. आणि रिट्राय एकाच थरात ठेवा, एकाखाली एक असे तीन थर आणि प्रत्येक थर तीन प्रयत्न करतोय म्हणजे सगळ्यात खालच्या सर्व्हिसवर २७ कॉल.

आता पुढचा प्रश्न, बिल सर्व्हिस बंद असेल तर ऑर्डर घ्यायचीच नाही का? प्रत्येकी ९९.९ टक्के चालू राहणाऱ्या पाच सर्व्हिस एकमेकींवर अडून ठेवल्या तर सगळं मिळून साधारण ९९.५ टक्केच उरतं, म्हणजे ३० दिवसांत ४३ मिनिटांऐवजी साडेतीन तासांच्या वर बंद. म्हणून आउटबॉक्स शिका, म्हणजे पाठवायचं काम आधी लिहून ठेवायचं आणि मागाहून पाठवायचं. ऑर्डर सेव्ह करताना त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आउटबॉक्स नावाच्या टेबलात "या ऑर्डरचं बिल बनवायचंय" अशी रो टाका, एक वेगळी प्रोसेस त्या रो वाचून पाठवत राहील, आणि उत्तर आल्यावरच रोवर "पाठवलं" अशी खूण करेल. ती कधीकधी दोनदा पाठवेल, हरकत नाही, की आहे ना. यासाठी लगेच काफ्का लागत नाही, टेबल आणि दर सेकंदाला फिरणारा लूप पुरतो.

आणि बिल झालं पण नंतर पेमेंट फेल झालं तर? दोन डेटाबेसवर एकच ट्रान्झॅक्शन आपल्याकडे नाहीये. इथे सागा येतो, ही कल्पना गार्सिया-मोलिना आणि सेलम यांनी १९८७ मध्ये मांडली: प्रत्येक पायरीसाठी ती उलटवणारी पायरी आधीच ठरवून ठेवायची. बिझनेसवाल्यांना हे शिकवावं लागत नाही हे मला फार आवडतं, अकाउंट्समध्ये चुकलेली नोंद खोडत नाहीत, उलट नोंद टाकतात. तसंच बिलाची रो डिलीट करायची नाही, क्रेडिट नोट बनवायची. तुमच्या सिस्टममध्ये काय उलटवता येतं आणि काय नाही (गेलेला ईमेल परत येत नाही) हे अकाउंट्सच्या माणसाला विचारा, बाकी कोणाहीपेक्षा त्याला जास्त माहीत असतं.

लॉगमध्ये प्रत्येक ओळीत ऑर्डरचा आयडी आणि एक ट्रेस आयडी (एकच रिक्वेस्ट सगळ्या सर्व्हिसमध्ये ओळखता येईल असा) पहिल्या दिवसापासून टाका. एपीआयमध्ये नवीन फील्ड वाढवा, जुन्याचं नाव बदलू नका. रकमेला फ्लोट नको, त्यात पैशांचे आकडे तंतोतंत बसत नाहीत, डेसिमल वापरा.

शेवटी परीक्षा. दोन्ही सर्व्हिस डॉकरमध्ये (प्रत्येकीला स्वतःच्या वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं टूल) टाका, स्क्रिप्टने १००० ऑर्डर सोडा, आणि चालू असताना बिल सर्व्हिसला कधी डॉकर किल (एकदम बंद), कधी डॉकर पॉज (जिथल्या तिथे गोठवणं) मारत रहा (पॉज जास्त छळतो, कारण कंटेनर जिवंत दिसतो पण उत्तर देत नाही). सगळं परत चालू करा, आउटबॉक्स रिकामा होऊ द्या आणि मोजा. १००० ऑर्डर, १००० बिलं यायला हवीत. १००१ आली तर की कुठे बनतेय ते बघा, ९९९ आली तर उत्तर यायच्या आधीच "पाठवलं" अशी खूण कुठेतरी होतेय.