लिहिता लिहिता अक्षरांचे आवाज कसे शिकवावेत

मुलाला बाराखडी घडाघडा म्हणता येते, पण ‘नाक’ लिही म्हटलं की ते अडतं. पाठ झालेली असते ती नुसती साखळी. शब्दातला एकेक आवाज सुटा करून ऐकायची सवय नसते. लिहायला बसलं की ‘आता कुठला आवाज आला?’ हे मुलाला स्वतःच ठरवावं लागतं, म्हणून चौथ्या-पाचव्या वर्षी ही सवय लिहिण्यातून छान लागते.

‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत ओळीने जाऊ नका. पहिल्या गटात क, म, न, ग, र एवढीच अक्षरं घ्या आणि लगेच काना द्या. मामा, काका, नाक, कान, मका, राग, मगर, कमान असे ओळखीचे शब्द एवढ्यातच तयार होतात. ‘म’बरोबर ‘भ’ नको, तसंच ‘घ-ध’ आणि ‘ब-व’ एकत्र नकोत. एक पक्कं झाल्यावरच दुसरं आणा. ‘च’ आणि ‘ज’ मागे ठेवा, कारण ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतले च वेगळे उच्चारतात आणि नवशिक्याचा गोंधळ होतो. अक्षर दाखवताना नुसता आवाज म्हणा. कायम ‘क कमळाचा’ ऐकलेलं मूल ‘क’ दिसला की ‘कमळ’ म्हणून मोकळं होतं.

रोज 10 ते 15 मिनिटं पुरतात. ताटात रव्याचा पातळ थर पसरा आणि बोटाने अक्षर गिरवताना आवाज म्हणायला लावा. ‘ग’ असेल तर आधी डावीकडचा आकडा वरून खाली, मग उभा दंड. शिरोरेघ सगळ्यात शेवटी, पूर्ण शब्दावर एकदाच. नंतर पाटी घ्या. खडूचे 2-3 सेंटिमीटरचे तुकडे करून द्या. एवढासा तुकडा मुठीत धरता येत नाही, आपोआप चिमटीत येतो.

आता शब्द. ‘नाक’ हळू म्हणा आणि प्रत्येक अक्षराला एक चिंचोका ठेवायला सांगा. दोन चिंचोके झाले की त्यांच्याखाली मुलाने लिहायचं. इथे मोठ्यांकडून एक चूक हमखास होते. ते ‘ना… कऽऽ’ असा शेवट ताणतात आणि मूल ‘नाका’ लिहितं. ताणायचा तो पहिला आवाज: नाऽऽक. शेवटचा ‘क’ बोलताना येतो तसाच तोडा.

मुलाने ‘नक’ लिहिलं, तर पुसू नका आणि ‘चुकलं’ही म्हणू नका. बोट ठेवून तेच वाचून दाखवा: “तू लिहिलंस नक. आपल्याला काय हवं होतं?” बहुतेक मुलं कान देऊन ऐकतात आणि काना स्वतःच देतात. नाहीच दिला, तर खाली ‘नाक’ लिहून दोन्ही वाचा आणि पुढे चला. आपण खोडलेली पाटी बघून मूल फक्त खात्रीचे शब्द लिहायला लागतं, मग शिकणं तिथेच थांबतं.

कान्यानंतर दुसरी वेलांटी घ्या: मी, मामी, काकी. पहिली वेलांटी नंतर, कारण ती ऐकू येते अक्षरामागून आणि लिहायची अक्षराच्या आधी. सुरुवातीला मुलाला आधी अक्षर काढून मग डावीकडे वेलांटी जोडू द्या.

चित्र काढलं की त्याखाली नाव, बाजाराच्या यादीत एखादा शब्द, असं कामाचं लिखाण रोज होऊ द्या. ‘कांदा’चं ‘कादा’ झालं तरी चालेल. अनुस्वार वेगळा ऐकू यायला वेळ लागतो. या वयात उलटी अक्षरंही सर्रास येतात. सुरुवातीच्या जागी ठिपका देऊन तेवढं अक्षर पुन्हा रव्यात गिरवून घ्या.

दहातले आठ शब्द मदतीशिवाय जमले, की स, ल, प, त, ब हा दुसरा गट सुरू करा: साप, बस, लाल, पालक, तबला. जोडाक्षरं आणि रफार मात्र सगळे काना-मात्रा-वेलांट्या हातात बसल्यावरच.