चॉकलेट खा, पण वेष्टन उलटून वाचा

वेष्टनावर पुढे मोठ्या अक्षरांत ‘डार्क’ लिहिलेलं असतं. खरी माहिती मागे असते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. साखर पहिली असेल, तर ती कोकोचा वास लावलेली साखरच समजा. कोको बटरऐवजी, म्हणजे कोकोच्या बियांतल्या चरबीऐवजी, पाम तेल दिसलं, तर ते कंपाउंड, म्हणजे अस्सल चॉकलेटची नक्कल. परत ठेवून द्या.

डार्कच्या वेष्टनावरचे ७० टक्के म्हणजे कोकोचा गर आणि कोको बटर मिळून ७०. उरलेल्यात बहुतेक साखर. म्हणजे २० ग्रॅमच्या तुकड्यात सुमारे ६ ग्रॅम साखर. तेवढ्याच मिल्क चॉकलेटमध्ये १० ग्रॅमच्या आसपास. पण कॅलरी? दोन्हीकडे शंभरच्या वरच, उलट डार्कमध्ये चरबी जास्त म्हणून थोड्या अधिकच. ‘डार्क आहे, चालतं’ म्हणत अर्धी वडी संपवणाऱ्यांचं गणित इथेच चुकतं.

१०० ग्रॅमच्या वडीचे आणल्याबरोबर पाच भाग करा. एक बाहेर ठेवा, बाकीचे डब्यात घालून डबा नजरेआड करा आणि मगच खायला बसा. वेळ जेवणानंतरची बरी. भुकेल्या पोटी एका तुकड्याने कुणाचंच भागत नाही. तुकडा चावू नका, जिभेवर ठेवा. कोको बटर साधारण ३४ अंशांला वितळतं, म्हणजे तोंडाच्या उबेनेच. आधी कडवटपणा लागतो, मग हळूहळू बाकीची चव उलगडते. चावून गिळलं की हे सगळं हुकतं आणि हात पुन्हा डब्याकडे जातो.

मिल्क चॉकलेटवरून थेट ८५ टक्क्यांवर उडी मारू नका, तोंड वाकडं होऊन नाद सुटेल. ५०, ६०, ७० असं दोन-दोन आठवड्यांनी चढा.

दुधात घालायला बिनसाखरेची कोको पावडर उत्तम. एक चमचा पावडर आधी दोन चमचे गरम दुधात घोटा, नाहीतर गुठळ्या होतात. अल्कली प्रक्रिया केलेली पावडर चवीला सौम्य असते, पण तिच्यातले फ्लॅव्हनॉल, म्हणजे कोकोतले गुणकारी घटक, बरेच कमी झालेले असतात.

चॉकलेटवर पांढुरकी झाक आली, तर ती बहुधा बुरशी नसते. उष्णतेने कोको बटर वर आलेलं असतं. खायला हरकत नाही. फ्रिजमध्ये ठेवायचंच असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात, कारण ते शेजारच्या कांद्यालसणाचा वास पटकन धरतं. बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका. गार चॉकलेटवर दव धरतं, साखर विरघळते आणि पृष्ठभाग खरखरीत होतो.

झोपेची तक्रार असेल तर रात्री टाळा, यात कॅफिन असतं. कुत्र्याला मात्र कणभरही देऊ नका. कोकोतलं थिओब्रोमिन हे द्रव्य त्याला विषासारखं बाधतं.